सहा भोकांची चकती

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
९ मार्च २००३

आप्पा,

शिरसाष्टांग नमस्कार आईच्या पत्रातून दर महिन्याला पोचतो, तो इथे पुन्हा घालत नाही. घाबरू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. हे कामाचं पत्र आहे. तीन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्हीही फोनवर ‘हां, आईला देतो’ याच्या पुढे गेला नाहीत. तेव्हा दोघांचाही वेळ न घालवता विचारते. भोकांच्या जागा अचूक धरायला तुम्ही चकतीवर पोलादी बटणं लावायचात, त्या बटणाखालचा स्क्रू किती सैल ठेवायचा?

आता म्हणाल, हिला अमेरिकेत बसून बटणं कशाला हवीत. सांगते.

आमच्या शेजारी वेंडेल टकर नावाचे गृहस्थ एकटे राहतात. वय एकाहत्तर, तुमच्याहून दोन वर्षांनी मोठे. चाळीस वर्षं इथल्या एका कापडगिरणीत माग लावणारे-दुरुस्त करणारे जॉबर होते. दोन वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. परवा त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि भिंतीवर मागाचा धोटा टांगलेला दिसला. इचलकरंजीची पोरगी, धोटा बघितल्यावर राहवेल का? मी अंगण ओलांडून सरळ आत गेले. आत धोट्याच्या खाली लेथ. झाकून ठेवलेला, तेल दिलेला, जुना पण ताठ.

वेंडेलना नेमबाजीचा नाद. माणूस मुंगीही मारणार नाही, पण कागदाच्या निशाणासमोर चार-चार तास आडवा पडून असतो. त्यांच्या जुन्या रायफलीच्या गोळ्या आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून वापरलेली पितळी काडतुसं ते घरीच परत भरतात. त्यासाठी टेबलाला बोल्ट केलेला एक हातप्रेस आहे. वर जाड चकती, तिला सहा भोकं, प्रत्येक भोकात आट्यांवर बसवलेली एक-एक डाय, म्हणजे काडतुसाला आकार देणारा साचा. चकती फिरवून हवी ती डाय समोर आणायची आणि दांडा ओढायचा. त्या चकतीला दोन भोकांच्या मधोमध तडा गेलाय. प्रेस बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. वेंडेलना स्वतः करता आली असती, पण त्यांचे हात आता थरथरतात. कॉफीचा कप ते दोन हातांनी धरतात.

मी म्हटलं, मी करून देते.

त्यांनी माझ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. हाताकडे पाहिलं म्हणून मला तो माणूस आवडला. ‘कुठे शिकलीस, मिस रीटा?’ म्हणाले. ऋता त्यांच्या जिभेला जमत नाही. मी म्हटलं, वडिलांच्या कारखान्यात. बाकीचं सांगितलं नाही.

माझा व्हिसा नवऱ्याच्या शेपटाला बांधून आलेला आहे, नोकरी करायला मनाई. म्हणजे डिप्लोमा मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, तीन वर्षं पोळ्या लाटते आहे. त्यामुळे वेंडेलकडून पैसे घेणार नाही. लेथ वापरायला मिळतो, तेवढं मला पुष्कळ आहे.

तर स्क्रू किती सैल?

ऋता


कॅरी
२० एप्रिल २००३

आप्पा,

उत्तर नाही. बरं. आई म्हणाली पत्र पोचलं, तुम्ही वाचलंत, आणि चष्म्याच्या घरात ठेवलंत. म्हणजे निदान फाडलं नाहीत.

तुमच्यावाचून अडलं नाही हे कळवायला लिहिते आहे. बटणाचं भोक स्क्रूपेक्षा अर्धा सूत मोठं ठेवलं. बटण हलक्या हातोडीनं ठोकून सरकवायचं, मायक्रोमीटरनं दोन बटणांतलं अंतर मोजायचं, परत ठोकायचं. सहा बटणं वर्तुळावर सारख्या अंतरावर आणायला मला चार दिवस लागले. पाचवं जागेवर आलं की दुसरं हलायचं. वेंडेल शेजारी स्टुलावर बसून बघायचे, एक अक्षर बोलायचे नाहीत. आपल्याकडे दहा जणांनी दहा सल्ले दिले असते. चौथ्या दिवशी सहाही अंतरं एकाच आकड्यावर आली तेव्हा मी एकटीच गॅरेजमध्ये ‘हाऽऽण!’ म्हणून ओरडले. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

पोलाद वेंडेलनी दिलं. गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी एक जाड गोल तुकडा आठवण म्हणून घरी आणला होता. त्यातून तीन चकत्या निघाल्या. तीनच. ‘आठवण कापायची?’ मी विचारलं. म्हणाले, ‘ठेवून तरी काय, दाराला टेकण लावू?’

शंतनूचं म्हणाल तर त्याचा आधी थयथयाट झाला. तुमचे जावई पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. घरातला बल्ब बदलायचा झाला तरी इंटरनेटवर वाचतात. मला म्हणतो, ‘‘अगं, आपण व्हिसावर आहोत यार! एअरपोर्टवर मला दर वेळी बाजूला घेऊन शूज काढायला लावतात. आणि तू बुलेट्सच्या मशीनचे पार्ट्स बनवणार? कोणी रिपोर्ट केलं तर?’’

‘‘काय रिपोर्ट करणार? एक बाई भोक पाडते म्हणून?’’

‘‘जोक नको करूस. मी उद्या ऑफिसच्या लॉयरला विचारतो.’’

विचारलं. वकील म्हणाला, पोलादाची चकती ही पोलादाची चकती आहे, बाईंनी बंदुकीला आणि दारूगोळ्याला हात लावू नये म्हणजे झालं. वेंडेल त्याच्याही वरचे निघाले. मी गॅरेजमध्ये पाऊल टाकायच्या आत दारूचे डबे आणि काडतुसं आतल्या कपाटात कुलूपबंद करतात आणि किल्ली खिशात घालतात. माझ्यासमोर फक्त लोखंड असतं.

पुढच्या आठवड्यात आटे पाडते. सात सूत व्यास, इंचाला चौदा आटे. वेंडेल टॅप मागवायला तयार होते, मीच नको म्हटलं. आमच्या कारखान्यात एवढ्या मापाला टॅप लावत नाहीत, लेथवर एका टूलनं आटे काढतात, असं जरा नाक वर करून सांगितलं.

ऋता


कॅरी
११ मे २००३

आप्पा,

चकती वाया गेली.

सहा भोकं आरशासारखी बोअर केली. फेसप्लेटवर चकती सरकवून बांधली, तोल राहावा म्हणून समोरच्या बाजूला वजन लावलं, प्रत्येक भोक डायलवर शून्याला आणलं. आटे असे सुरेख दिसत होते की वेंडेलनी चष्मा लावून पुन्हा पाहिले. मग पहिली डाय फिरवली. दोन फेरे गेली आणि अडकली. जराशी आणखी खोल कापली तर गेली, पण आत डुगडुगायला लागली. सहाही भोकांत तीच तऱ्हा. डाय हलते म्हणजे गोळी वाकडी बसणार. काम बाद.

वेंडेल म्हणाले, ‘‘मिस रीटा, होतं असं. मी मागावर पहिल्या वर्षी जे काही मोडलं ते सांगितलं तर तू पळून जाशील.’’ त्या बोलण्यानं मला जास्तच रडू आलं. घरी येऊन आंघोळ केली, शंतनूवर विनाकारण खेकसले, आणि आता तुमच्यावर खेकसणार आहे. तुम्ही उत्तर देत नाही त्याचा एवढा एक फायदा आहे.

आपल्या कारखान्यात प्रत्येक कामावर दोन ठसे पडायचे. एक ज्यानं केलं त्याच्या नावाचा आणि एक पास केल्याचा तुमचा ‘ज’. विष्णूकाका आपले सगळ्यांत जुने कारागीर, त्यांचा ‘व’ होता. तुमच्या मुलाला, श्रीरंगला तर बारावी नापास झाल्या झाल्या ‘श्री’चा ठसा मिळाला. माझा नव्हता. मी पाच वर्षं तुमच्या लेथवर उभी राहिले आणि माझ्या कामावर ‘व’ पडत गेला. का, तर ‘ऋ’चा ठसा बाजारात मिळत नाही. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं हो!

मग तो मागवाला आला. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी केलेला क्रँक हातात घेऊन म्हणाला, झकास झालाय, कुणाचं काम? आणि मी लेथपाशी उभी, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, ‘‘पोरीच्या हातचा माल नाही ना? माझ्या मागावर नको.’’ आणि तुम्ही म्हणालात, ‘‘छे! विष्णूचं हाय. पोरगी डबा घेऊन आल्या.’’

डबा घेऊन!

आप्पा, ते गिऱ्हाईक गेलं असतं तर तुम्ही भिकेला लागला असतात का? मी त्यानंतर कारखान्यात पाय ठेवला नाही. पहिलं आलेलं पुण्याचं स्थळ पसंत केलं. शंतनू भला निघाला हे माझं नशीब, तुमची पुण्याई नव्हे. मला सोडायला तुम्ही मुंबईला आला नाहीत. मागाचा शाफ्ट तुटलाय म्हणालात.

तर सांगायचं हे, की चकती वाया गेली. तुमचं बरोबर होतं असं आता तुम्ही म्हणणार असाल तर म्हणा.

ऋता


कॅरी
२६ मे २००३

आप्पा,

काल आईशी बोलत होते. मध्येच ती थांबली, कोणीतरी काहीतरी बोललं, आणि आई म्हणाली, ‘‘अगं, हे विचारतायत, टूल किती अंशाचं घासलंस म्हणून.’’

मी म्हटलं, ‘‘कोण विचारतंय?’’

‘‘हेच. इथं शेजारी उभे आहेत. फोन घ्या म्हटलं तर नको म्हणतात. किती अंशाचं घासलंस ते सांग.’’

मी म्हटलं, गेजला लावून घासलं. मागून तुमचा आवाज आला, मला स्पष्ट ऐकू आला. ‘‘गेज कुठला?’’

आणि मी फोन ठेवून दिला. आईला म्हटलं कार्ड संपलं. संपलं नव्हतं.

आता सांगते. तुमच्या ड्रॉवरातला सेंटर गेज, ती छोटी पोलादी पट्टी, माशाच्या शेपटीसारखी खाच असलेली, टूल बरोबर कोनात घासलंय का ते बघायची, ती माझ्याकडे आहे. अमेरिकेला यायच्या आदल्या दिवशी मी चोरली. तुम्ही श्रीरंगवर आरडाओरडा केलात, विष्णूकाकांचा खण उपसलात, हे आईनं नंतर सांगितलं. मी गप्प बसले. श्रीरंगची माफी मी वेगळी मागेन, तुमची मागत नाही. मला तुमच्या कारखान्यातलं काहीतरी हवं होतं आणि तुम्ही देणार नव्हता.

तर तो गेज. त्यावरचा आकडा तुमच्या अंगठ्यानं तीस वर्षांत घासून गेलाय. आणि आपले माग सगळे विलायती नमुन्याचे, आटे इंग्रजांचे, म्हणजे पंचावन्न अंशांचे. अमेरिकेचे आटे साठ अंशांचे. मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे हे! परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. पण हातात तुमचा गेज होता, आणि तुमचा गेज म्हटल्यावर तो कितीचा आहे हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वेंडेलच्या खणात साठचा गेज पहिल्या दिवसापासून पडला होता. मी त्याला हात लावला नाही. माझ्याकडे माझ्या वडिलांचा आहे म्हणाले.

तुम्ही आठ हजार मैलांवरून, डाय अडकते आणि मग डुगडुगते, एवढ्या दोन शब्दांवरून ओळखलंत. मला राग आला होता आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू. शंतनू म्हणाला, ‘‘वॉव, रिमोट डीबगिंग!’’ असेल बाबा.

दोन चकत्या शिल्लक आहेत.

ऋता


कॅरी
६ जुलै २००३

आप्पा,

झालं! झालं, झालं, झालं!

नीट सांगते. टूल साठ अंशांचं घासलं, वेंडेलच्या गेजवर. मग उजेडासमोर धरून पाहिलं, पट्टी आणि टूल यांच्यामधून उजेडाची रेघही दिसत नव्हती. बटणं लावायला या वेळी दीड दिवस लागला. पहिलं भोक, पहिले आटे, इंचाच्या पाच-पाच हजारांशांनी आत. डाय हातानं फिरवली. पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत एकाच दाबानं गेली. थांबवली तिथे थांबली. मी ती धरून हलवली. हलली नाही. वेंडेलनी दोन्ही हातांनी धरून हलवली. नाही.

सहा भोकं तशीच. सहाव्याच्या शेवटच्या कापाआधी मी लेथ बंद करून बाहेर हिरवळीवर एक चक्कर मारून आले. तुम्ही शेवटच्या कापाआधी विडी ओढायला बाहेर जायचात. आई ओरडायची. आता कळलं का जायचात.

काल चकती प्रेसवर चढवली. शंतनू हँडीकॅम घेऊन हजर, जसं काही बारसं आहे. वेंडेलनी मला ठरल्याप्रमाणे आठ पावलं लांब उभं केलं, कपाट उघडलं, आणि एक रिकामं पितळी काडतूस बसवून दांडा ओढला. चकती फिरवली, पुन्हा ओढला. प्रत्येक वेळी चकती जागेवर आली की बारीक ‘टक्’ असा आवाज. सहाव्या ‘टक्’नंतर त्यांनी काडतूस काढून मापकात घातलं, फिरवून पुन्हा घातलं.

‘‘चालेल,’’ म्हणाले.

आप्पा, इथली माणसं लिंबाच्या सरबतालाही ‘अमेझिंग’ म्हणतात. पण मागाच्या जॉबरनं ‘चालेल’ म्हणावं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी त्याच बोलीत वाढले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांऐवजी चकती पुसली. म्हणाले, ‘‘गिरणी बंद झाल्यापासून त्या पोलादानं पहिल्यांदा काम केलं.’’

शंतनू आल्या-गेल्याला तो व्हिडिओ दाखवतो आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत एक काकू म्हणाल्या, ‘‘काय बाई, गोळ्यांच्या मशीनवर काम करतेस?’’ तर माझ्या आधी हाच म्हणाला, ‘‘काकू, थाउजंडथ ऑफ ॲन इंचमध्ये काम करते ती. मला कोड कंपाइल करायला तीन अटेम्प्ट्स लागतात.’’ मी चपापलेच. एवढा पुण्याचा माणूस, कबूल करतो म्हणजे काय!

तिसरी चकती आहे. प्रेसला एकच लागते. तरी मी ती करते आहे.

ऋता


कॅरी
७ सप्टेंबर २००३

आप्पा,

हे पत्र आणि सोबतची चकती सीमा तुमच्या हातात देईल. सीमा आमच्या गल्लीतली, कोल्हापूरची, नवरात्रासाठी माहेरी जाते आहे. दसऱ्यानंतर परत येईल. तिनं बॅगेत साड्यांच्या मध्ये चकती ठेवली आहे आणि मी एका कागदावर ‘यंत्राचा भाग’ असं स्वच्छ लिहून दिलंय. वजन पाहून तिनं कपाळाला हात लावला.

वेंडेल क्लबच्या सामन्यात दुसरे आले. पहिला आलेला माणूस चाळीस वर्षांचा आहे, तेव्हा मी तरी त्यांनाच पहिलं धरते. त्यांच्या कागदावरची सगळी भोकं चहाच्या बशीखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती. त्यांनी तो कागद मला दिला. फ्रिजवर लावलाय. आता क्लबातले आणखी दोन म्हातारे आपापल्या प्रेसचे मोडके भाग घेऊन गॅरेजच्या दारात उभे राहतात. वेंडेल त्यांना सांगतात, मिस रीटाला वेळ असेल तर. मी मुद्दाम दोन दिवस वेळ नाही म्हणते, मग घेते.

चकतीबद्दल. पाच पत्रं मी उगाच आडून आडून लिहीत होते. आता सरळ लिहिते. मला ही तुमच्याकडून तपासून हवी आहे. डायल लावा, मायक्रोमीटर लावा, विष्णूकाकांना बोलवा, श्रीरंगला बोलवा, सगळ्या इचलकरंजीला बोलवा. नापास असेल तर तसं कळवा, कुठे चुकलं ते कळवा, मी ऐकेन. पास असेल तर तुमचा ‘ज’ मारा. पण शेजारी ‘व’ मारायचा नाही. विष्णूकाकांवर माझा राग नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी कधी मागितला नव्हता. ‘ऋ’चा ठसा बाजारात मिळत नसेल तर ती जागा कोरी सोडा. मी कोरी जागा पाहून समजेन की ती माझी आहे.

एवढंच हवं आहे. तीन वर्षं हेच हवं होतं, साधी नोकरी करायला मनाई आहे त्याचं दुःखसुद्धा इतकं नव्हतं.

गेज पाठवत नाही. तो मी स्वतः परत आणीन, जर तुम्ही घरात घेणार असाल तर.

ऋता


कॅरी
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय आप्पा,

काल सीमा आली. मी चहा ठेवायच्या आत तिनं पुडकं टेबलावर ठेवलं. वर इचलकरंजीचा पेपर, आत कॉटन वेस्ट. नाक लावल्याबरोबर कारखाना. तेल, सूत आणि तुमची विडी. सीमा म्हणाली, ‘‘अगं, उघड की आधी, वास काय घेतेस!’’

पत्र नव्हतं. मी सगळं वेस्ट पिंजून पाहिलं. चकती निघाली. पाचव्या भोकाच्या आट्यांत हळदकुंकू अडकलेलं, एक झेंडूची पाकळी चिकटून सुकलेली. खंडेनवमीला तुम्ही ती हत्यारांबरोबर पूजेत ठेवलीत तर! लेथच्या पाटावर, तुमच्या मायक्रोमीटरच्या शेजारी, असं सीमा म्हणाली.

मग मी ती उलटी केली.

‘ज’ होता. आणि त्याच्या शेजारी ‘ऋ’.

आप्पा, मी मोठ्यानं रडले. शंतनू आतून धावत आला, त्याला वाटलं कोणी गेलं. मी बोट दाखवलं, त्यानं पाहिलं आणि तोही खुर्चीत बसला.

तोवर सीमानं पर्समधून रुमालात गुंडाळलेलं आणखी काहीतरी काढलं. ठसा. चार इंची, चौकोनी पोलादाचा, डोक्याला निळी झाक. टोकाला उलटा कोरलेला ‘ऋ’. म्हणाली, ‘‘हे हातात द्यायला सांगितलंय काकांनी. बॅगेत टाकू नको म्हणाले, पण विमानात हातात घेऊ देत नाहीत, म्हणून बॅगेत टाकलं आणि उतरल्यावर पर्समध्ये घेतलं. सांगू नकोस.’’

सीमानं सगळं सांगितलं. तुम्ही गणपतीपासून, म्हणजे माझी चकती पोचायच्या आधीपासून, तो ठसा कोरत होतात म्हणे. रोज सकाळी व्हाइसमध्ये पोलाद आवळून, भिंगाखाली, सुईसारख्या कानसीनं. दोन बिघडले. एकाचं शेपूट तुटलं, दुसरा सुलटाच कोरला गेला. तिसरा साधला. ‘ऋ’ हे काय कोरायचं अक्षर आहे का, आप्पा? इतकी वळणं, एवढ्याशा जागेत, एकोणसत्तराव्या वर्षी! भिंगातून पाहिलं मी. शेपटाशी तुमचा हात किंचित हलला आहे. तेवढ्यापुरता मी तो नापास करू का? चालेल.

आणि चकतीच्या कडेची धार तुम्ही कानसीनं मोडलीत, तेही दिसलं बरं का. ती मी मोडायला विसरले होते. मुकाट्यानं पास करतील तर ते आप्पा कसले!

पण सीमानं शेवटी जे सांगितलं ते मला पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. ती खंडेनवमीच्या दुपारी चकती न्यायला आली होती आणि प्रसादाला मागवाले जमले होते. त्यांतल्या एका जाड्या माणसानं पूजेतली चकती उचलली आणि विचारलं, ‘‘जगन्नाथराव, झकास काम. विष्णूचं काय?’’ विष्णूकाकांनी खाली मान घातली. आणि तुम्ही त्याच्या हातातून चकती काढून घेतलीत, पुसलीत, आणि म्हणालात, ‘‘आमच्या ऋताचं हाय. तीन-चार वर्सं तुमच्या मागावर तिचाच क्रँक फिरतोय. मोडलाय का?’’

तो म्हणाला, ‘‘न्हाई की.’’

‘‘मोडायचा न्हाई,’’ तुम्ही म्हणालात, आणि त्याला पेढा दिलात.

आप्पा! तोच माणूस होता ना? सीमाला नाव माहीत नाही, पण जाडा आणि हातात तीन अंगठ्या म्हणाली. तोच. नक्की तोच.

आज सकाळी ठसा घेऊन वेंडेलकडे गेले. प्रेसवरची चकती खोलली, ऐरणीवर ठेवली. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझं नाव. त्यांनी ठशाचं टोक उजेडात धरून पाहिलं, मग मला म्हणाले, ‘‘हे कोणी हातानं कोरलंय.’’ जॉबर तो जॉबर. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ‘‘हं,’’ म्हणाले, आणि हातोडी माझ्या हातात दिली. मी ठसा उभा धरला आणि एकच घाव घातला. दोनदा मारला तर अक्षर दुहेरी होतं, ते तुम्हीच शिकवलंत. स्वच्छ उठला. शेजारी पास केल्याचा ठसा मारायला मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी थरथरत्या हातानं साध्या पंचनं एक ठिपका मारला. तो जरा लांब पडला. चालेल.

मे महिन्यात येते आहे. तिकिटं झाली. शंतनू पंधरा दिवसांनी येईल, मी आधी. पंचावन्नचा गेज आणते. लेथ माझ्यासाठी रिकामा ठेवा, पहिल्याच दिवशी उभी राहणार आहे, आणि दुपारी जेवायला घरी जाणार नाही. डबा घेऊन श्रीरंगला पाठवा.

तुमची
ऋता